पावत्या नकोत, रात्री मोजा

"पैसे मी देतो. मग पोरगा तिच्या रिटर्नवर कसा?"

जानेवारी संपत आला की हा प्रश्न माझ्या दारात येऊन उभा राहतो. न्यू जर्सीत गेली बरीच वर्षं मी लोकांचे टॅक्स रिटर्न भरून देतो. १५ एप्रिलपर्यंत आमच्या घरातलं जेवणाचं टेबल कागदांच्या ताब्यात असतं आणि आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवतो. विचारणारा बहुधा आपल्यातलाच असतो. चाळिशीच्या आसपासचा, बऱ्या पगाराचा, नुकताच वेगळा राहायला लागलेला. तो चिडलेला असतो आणि त्याची चीड नाटकी नसते. मुलाच्या खर्चाची रक्कम पगारातून परस्पर वळती होते, उरलेल्यात अपार्टमेंटचं भाडं आणि गाडीचा हप्ता. वर सरकार म्हणतं, मूल तिचं डिपेन्डंट.

यंदा संक्रांतीला एका मित्राकडे जमलो होतो. तिथे दुसऱ्या एका मित्राने हाच युक्तिवाद सविस्तर मांडला आणि चारपाच माना डोलल्या. मी गप्प राहिलो. तोंडात तिळाची वडी होती आणि यजमानीणबाईंना सणाच्या दिवशी भांडण नको होतं. ते राहिलेलं उत्तर इथे देतो.

त्याचं म्हणणं आधी नीट सांगतो. समोरच्याचं म्हणणं पातळ करून मग त्याला झोडपण्यात काही अर्थ नसतो. पहिलं, ज्याच्या खिशातून पैसा जातो, करातली सवलत त्याला मिळायला हवी. दुसरं, तिचा पगार कमी, तिला सवलतीचा उपयोग नाही. माझा पगार जास्त, माझ्याकडे ती कामी येईल. तिसरं, कोर्टाने जॉइंट कस्टडी दिली आहे, म्हणजे मूल निम्मं निम्मं, तर सवलतही आलटून पालटून हवी. या तिन्हींच्या तळाशी एक चौथं होतं. ते तो बोलला नाही, पण सगळ्यांत मोठ्याने तेच ऐकू आलं: मूल माझंही आहे.

चौथं खरं आहे. पहिली तीन चूक आहेत.

नियम थोडक्यात असा. घटस्फोट झालेला असो, लेखी करार करून वेगळे राहत असोत, की वर्षाचे शेवटचे सहा महिने नुसतेच दोन घरांत राहिलेले असोत. वर्षभरात मूल ज्याच्याकडे जास्त रात्री झोपलं तो 'कस्टोडियल' पालक, आणि मूल त्याच्या रिटर्नवर. दुसऱ्याला ते हवं असेल तर पहिल्याने फॉर्म ८३३२ वर सही करून द्यायची. आईबापांपैकी कुणी किती पैसे घातले हे आयआरएस, म्हणजे इथलं करखातं, विचारतच नाही. माझ्या मित्राला हा अन्याय वाटतो. मला यातच नियमाचं शहाणपण दिसतं.

आपली निम्मी गफलत एका शब्दाने केली आहे: पोटगी. मराठीत बायकोला द्यायचे पैसे पोटगी आणि मुलासाठी द्यायचे तेही पोटगी. अमेरिकेत ही दोन खाती वेगळी आहेत, अ‍ॅलिमनी आणि चाइल्ड सपोर्ट. २०१८ अखेरपर्यंतच्या घटस्फोटांत अ‍ॅलिमनी देणाऱ्याला वजावट मिळते आणि घेणाऱ्याच्या उत्पन्नात ती धरली जाते. २०१९ पासूनच्या निवाड्यांना तेही लागू नाही. चाइल्ड सपोर्टचं मात्र दोन्ही बाजूंना काहीच नाही. देणाऱ्याला वजावट नाही, घेणाऱ्याला कर नाही. यात चमत्कारिक काय आहे? संसार एकत्र होता तेव्हा पोराचं दूध, बूट, कराटेचा क्लास सगळं कर भरून उरलेल्या पगारातूनच येत होतं. तेव्हा कुणी दुधाची वजावट मागितली नव्हती. आता ते दूध दुसऱ्या घरातल्या फ्रिजमध्ये जातं, एवढाच फरक झाला.

"पण पैशावर नियम असता तर न्याय झाला असता," असं म्हणणाऱ्यांना मी सांगतो की तसा नियम होता. पुष्कळ वर्षं होता. आधी तर सरळच होतं: ज्याने मुलाचा निम्म्याहून जास्त खर्च केला, मूल त्याचं. मग दोघंही पावत्यांचे गठ्ठे घेऊन यायचे. १९६७ साली अमेरिकेच्या काँग्रेसने आकडे घालून दिले. निवाड्यात किंवा करारात तसं लिहिलं असेल आणि दूर राहणाऱ्या पालकाने मुलामागे किमान ६०० डॉलर दिले असतील तर मूल त्याच्या रिटर्नवर. तसं लिहिलेलं नसेल पण त्याने १,२०० डॉलर दिले असतील तरीही त्याच्याच, जोवर दुसरी बाजू आपला खर्च जास्त होता हे स्पष्ट सिद्ध करत नाही तोवर. झालं काय? भांडणं आणखी वाढली. बाप १,२०० चा चेक दाखवणार, आई किराणा, भाडं, दंतवैद्य यांची बेरीज मांडणार, आणि कर वसूल करणारं खातं मधे बसून कुणाचे बूट कुणी घेतले याचा निवाडा करणार. त्यात सरकारच्या तिजोरीचा फायदातोटा नाममात्र, कारण सवलत कुणाला तरी एकाला जायचीच होती. शेवटी १९८४ च्या कायद्याने हा सगळा बाजार उठवला. मूल जिथे राहतं त्या पालकाचं. त्याने लिहून सोडलं तरच दुसऱ्याचं.

म्हणजे माझा मित्र जी सुधारणा सुचवतो आहे ती चाळीस वर्षांपूर्वी वापरून टाकून दिलेली आहे.

याच काळातली एक गोष्ट आम्ही टॅक्सवाले एकमेकांना सांगतो. १९८७ च्या रिटर्नपासून पाच वर्षांवरच्या डिपेन्डंटचा सोशल सिक्युरिटी नंबर लिहिणं सक्तीचं झालं, आणि एका वर्षात देशातली सुमारे ७० लाख मुलं कागदावरून नाहीशी झाली. त्यांतली काही कुत्रीमांजरं होती असं हसत हसत सांगतात. पण काही खरीखुरी मुलं होती, आईच्याही रिटर्नवर आणि बापाच्याही.

बरं, पैसेच मोजायचे तर नीट मोजू. करकायद्यात 'सपोर्ट' मोजताना डोक्यावरचं छप्परही धरतात, तशा घराला बाजारात जे भाडं पडेल त्या भावाने. चांगली शाळा म्हणून तिने महागड्या गावात दोन बेडरूमचं घर घेतलेलं असतं. पोराची खोली नसती तर ती एका खोलीत राहिली असती. त्या खोलीचं भाडं धरा, हीटिंग धरा, गाडीचा विमा धरा. बेरीज करत गेलं की बापाचा महिन्याचा आकडा, जो त्याला स्वतःला प्रचंड वाटतो, पुष्कळदा निम्म्यापर्यंतही पोचत नाही. कधी पोचतो, हेही कबूल. पण रात्री दोनला ताप आला म्हणून दुसऱ्या दिवशी बुडालेलं काम कुठल्या रकान्यात लिहायचं? पावतीच्या नियमात त्याला रकाना नव्हता. रात्रीच्या नियमात आहे. ज्या घरी मूल झोपतं त्या घरचं माणूस उठतं.

हे मला पुस्तकात उमगलं नाही. काही वर्षांपूर्वी एक बाई आल्या, मूळच्या सोलापूरकडच्या. आयआरएसचं पत्र आलं होतं, एकाच मुलीवर दोन रिटर्न. मी म्हटलं, मुलगी तुमच्याकडे किती रात्री असते याचा काही पुरावा आहे का? शाळेचं पत्र, डॉक्टरचे कागद? त्यांनी पिशवीतून गुंडाळलेलं कालनिर्णय काढलं. भारतातून कुणीतरी आणून दिलेलं, कोपऱ्यांना हळदीचे डाग. प्रत्येक चौकोनात बारीक अक्षरात 'घ' किंवा 'बा'. घ म्हणजे घरी, बा म्हणजे बाबाकडे. "आमची आई याच चौकोनात दुधाचा हिशोब लिहायची, दादा," त्या म्हणाल्या. "दीड लिटर, एक लिटर, खाडा. मला तीच सवय." आम्ही दोघं टेबलावर बसून महिना महिना मोजत गेलो. बुधवारचे आणि एक आड एक शनिवार-रविवारचे 'बा'. जुलैत सलग दोन आठवडे 'बा', त्याखाली लिहिलेलं: समुद्र. एका गुरुवारी 'बा' खोडून 'घ' केलेलं आणि शेजारी फक्त 'उलटी'. बेरीज आली २४१ घ, १२४ बा.

बापानेही पुरावा आणला असता तर त्याच्याकडे बँकेची स्टेटमेंट असती. चोख, छापील, एकही महिना न चुकलेला. माणूस वाईट नव्हता. पण त्या स्टेटमेंटवरून मुलगी कुठल्या गुरुवारी आजारी होती हे कुणालाही कळलं नसतं.

रात्री मोजण्याला लोक हसतात. कायद्याने मात्र त्यातही बरंच डोकं लावलं आहे. मूल उन्हाळी शिबिराला गेलं तर त्या रात्री ज्याच्याकडे असतं त्याच्या खात्यावर. पुण्याला आजीकडे दीड महिना गेलं तरी तसंच. आजीने कितीही लाड केले तरी त्या रात्री तिला मिळत नाहीत. पालक नर्स असेल, रात्रपाळी करत असेल, तर रात्रींऐवजी दिवस मोजतात. हे नियम करणाऱ्याने कधीतरी खरं घर पाहिलं असावं.

आता दुसरा मुद्दा, तिचा पगार कमी म्हणून सवलत वाया जाते. हा मुद्दा एके काळी बिनचूक होता. २०१७ पर्यंत डिपेन्डंटमागे ४,०५० डॉलरची सूट उत्पन्नातून वजा व्हायची. २८ टक्क्यांच्या टप्प्यातल्या बापाला तिची किंमत १,१३४ डॉलर, १५ टक्क्यांच्या टप्प्यातल्या आईला सहाशेच्या थोडी वर. तेव्हा मीच कित्येक जोडप्यांना सांगितलं आहे की फॉर्म त्याला देऊन टाका आणि जास्तीचे पैसे वाटून घ्या. पण २०१८ पासून ती सूट शून्यावर आली आणि २०२५ च्या कायद्याने कायमचीच गेली. तिच्या जागी वजन आलं चाइल्ड टॅक्स क्रेडिटला. ते उत्पन्नातून वजा होत नाही, थेट करातून होतं. २०२५ साठी सतरा वर्षांखालच्या मुलामागे २,२०० डॉलर.

आकडे घालून पाहू. आईचा पगार ३०,००० डॉलर, एक मूल. हेड ऑफ हाउसहोल्ड, म्हणजे घर चालवणारी एकटी पालक, म्हणून तिची प्रमाण वजावट २३,६२५. उरले ६,३७५, त्यावर १० टक्क्यांनी कर ६३७. क्रेडिटने तो पुसला, आणि उरलेले १,५६३ तिला रोख परत, कारण क्रेडिटमधले १,७०० पर्यंत परत मिळू शकतात. म्हणजे २,२०० चे २,२०० तिच्या पदरात. वाया गेला नाही एक सेंटही. आणि बाप? तो एकट्याने रिटर्न भरतो. दोन लाखांच्या वर दर हजाराला क्रेडिटमधून ५० डॉलर कापले जातात. पगार २,४४,००० झाला की एका मुलाचं क्रेडिट संपलं. न्यू जर्सीत दोन मोठ्या कंपन्यांत उडी मारलेल्या आपल्या मंडळींत हा पगार काही दुर्मीळ नाही. असा बाप भांडून मूल आपल्या रिटर्नवर नेतो तेव्हा तिचे २,२०० जातात आणि त्याला शून्य मिळतं. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्याला समजावलं तेव्हा तो क्षणभर गप्प झाला आणि म्हणाला, "असू दे. तत्त्वाचा प्रश्न आहे."

फॉर्म ८३३२ ने काय जातं आणि काय जात नाही याचाही गोंधळ फार. चाइल्ड टॅक्स क्रेडिट जातं. हेड ऑफ हाउसहोल्ड जात नाही, पाळणाघराच्या खर्चाचं क्रेडिट जात नाही, कमी पगाराच्या माणसाला मिळणारं अर्न्ड इन्कम क्रेडिट जात नाही. ती ज्याच्या घरी मूल राहतं त्याचीच, सही केली तरी. बाप मूल घेतो आणि त्याबरोबर हेड ऑफ हाउसहोल्डवरही टिचकी मारतो, ही मला सापडणारी सगळ्यांत नेहमीची चूक. ती सापडली की वाचवलेला कर व्याजासकट भरावा लागतो.

तिसरा मुद्दा: कोर्टाने निम्मं निम्मं दिलं आहे. वर्षाच्या रात्री ३६५. निम्मं करून दाखवा. एकाकडे १८३, दुसऱ्याकडे १८२, आणि त्या एका रात्रीने सगळं ठरतं. फक्त लीप वर्षात, जसं २०२४ झालं, दोघांकडे बरोबर १८३ येऊ शकतात. तेव्हा मूल जास्त उत्पन्नवाल्याकडे जातं. हा तुकडा मला आवडत नाही. आयुष्यभर रात्री मोजायच्या आणि बरोबरी झाली की पुन्हा पगाराकडे वळायचं, हे नियम करणाऱ्याने दमून लिहिल्यासारखं वाटतं. माझा मित्र वाचत असेल तर एवढा एक गुण त्याचा.

दुसरा गुणही देऊन टाकतो, कारण तो मोठा आहे. राज्याचं कोर्ट निवाड्यात लिहितं की सम वर्षी मूल बापाच्या रिटर्नवर. बाप समजतो, झालं. पण राज्याच्या कोर्टाचं म्हणणं आयआरएसवर बंधनकारक नसतं. २००८ नंतरच्या निवाड्यांची पानं जोडून भागत नाही. आईची बिनशर्त सही असलेला फॉर्म ८३३२ किंवा त्यातला सगळा मजकूर असलेला तसाच कागद लागतो. २०१२ साली अमेरिकेच्या टॅक्स कोर्टापुढे असा एक बाप उभा होता. पैसे वेळच्या वेळी दिले तर आईने फॉर्म द्यायचा, असं आदेशात होतं. पैसे त्याने दिले होते. फॉर्म तिने दिला नाही. त्याने आदेशच रिटर्नला जोडला, आणि तो हरला, कारण आदेशाला पैसे देण्याची अट होती आणि अट पुरी झाली की नाही हे आयआरएसने का शोधत बसावं. २०१४ साली अपिलातही तेच कायम झालं. त्या बापावर अन्याय झाला, आणि तो त्या बाईने केला. पण मला त्यातून नियम बदलावा असं वाटत नाही. आयआरएसला अटी तपासायला बसवलं की आपण पुन्हा १९६७ च्या पावत्यांत जाऊन पडतो. त्या बापाला दाद मागायला जागा आहे, आदेश मोडल्याबद्दल त्याच राज्याच्या कोर्टात. खरी चूक आधीची असते, वकिलाच्या ऑफिसात. निवाड्याचा मसुदा तयार होतो, दोघं सह्या करतात, आणि त्याच बैठकीत एक पानी फॉर्मवर सही घ्यायचं कुणाच्या डोक्यात येत नाही.

आता जिथे माझी बाजू लंगडी पडते ते प्रकरण. ते आपल्याच लोकांचं आहे, म्हणून झाकून ठेवत नाही. तो एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर, ती त्याची बायको म्हणून एच-फोरवर. काम करायची परवानगी नाही, म्हणून सोशल सिक्युरिटी नंबर नाही. मूल इथे जन्मलेलं, अमेरिकन. दोघं वेगळे राहतात पण घटस्फोट नाही, कारण घटस्फोट झाला की तिचा व्हिसाच संपतो. मूल तिच्याकडे. २०२५ पासून चाइल्ड टॅक्स क्रेडिटसाठी मुलाबरोबर मागणाऱ्या पालकाचाही सोशल सिक्युरिटी नंबर लागतो. तिच्याकडे तो नाही. म्हणजे सगळ्या रात्री तिच्या आणि २,२०० कुणाचेच नाहीत. पाचशे डॉलरचं दुसरं क्रेडिट आहे, पण उत्पन्नच नाही तर ते कशातून वजा करणार?

इथे माझ्या मित्राचा मुद्दा बरोबर ठरतो: सवलत त्याच्याकडेच कामी येते. अशा बाईला मी सही कर असंच सांगतो. पण सांगतो ते पुढचंही सांगतो. फॉर्मचे तीन भाग आहेत. पहिला चालू वर्षापुरता, दुसरा पुढच्या वर्षांसाठी, तिसरा दिलेलं परत घेण्यासाठी. सही पहिल्या भागावर, फक्त पहिल्या. पुढची सगळी वर्षं एकदम देऊन टाकली तर परत घेता येतात, पण नोटीस दिल्याच्या पुढच्या वर्षापासून. तोवर व्हिसा बदलला, नोकरी लागली, तर एक वर्ष हातचं जातं. आणि सही करताना ते २,२०० मुलाच्या कुठल्या खर्चाला जातील हे कागदावर लिहून घे. एकीने लिहून घेतलं: पोहण्याचा क्लास. त्याने मुकाट मान्य केलं.

तरीही हा नियमाचा अपवाद आहे, आणि तो अपवाद बायकोच्या कमाईवर बंदी घालणाऱ्या व्हिसाने तयार केला आहे. त्यावरून 'देतो त्याचं' हे तत्त्व उभं करणं म्हणजे कुबडीकडे बघून सगळ्यांना तीन पाय असतात म्हणण्यासारखं.

मग इतका राग का? दोन-सव्वादोन हजार डॉलरसाठी शहाणी माणसं तीन-तीन वर्षं पत्रव्यवहार का करतात? मला वाटतं, राग रकमेचा नाही, सहीचा आहे. आपल्याकडे मुलाच्या कागदावर सही बापाची असायची. शाळेचा दाखला, बँकेचं खातं, पासपोर्ट. गीता हरिहरन यांनी १९८४ साली आपल्या अज्ञान मुलाच्या नावाने रिझर्व्ह बँकेचे रोखे घ्यायला अर्ज केला तेव्हा आईची सही चालली नाही. हिंदूंच्या पालकत्वाच्या १९५६ च्या कायद्यात पालक म्हणजे बाप आणि 'त्याच्यानंतर' आई. ती सही चालावी म्हणून प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि १९९९ मध्ये 'त्याच्यानंतर' म्हणजे तो मेल्यावरच असं नाही, एवढं ठरलं. अशा घरांतून आलेल्या माणसाला इथे उलटं होतं. मुलाच्या कागदासाठी त्याला तिच्याकडे जाऊन सही मागावी लागते. अमेरिकेत मूल सांभाळणाऱ्या एकट्या पालकांत पाचांपैकी चार साधारण आयाच आहेत, म्हणजे मागणारे बहुतेक बापच. ही मागण्याची वेळ त्याला बोचते. मला ते समजतं. पण बोचतं म्हणून नियम चुकीचा ठरत नाही.

कुणीतरी म्हणेल, भारतात तरी बरोबर आहे. तिथे आईबापांचं लग्न टिकलेलं नसेल तर अज्ञान मुलाचं उत्पन्न जो मुलाला पोसतो त्याच्या उत्पन्नात मिळवतात. हे १९९२ च्या वित्त कायद्याने आलं. पण नीट पाहा, तिथे वाटणी सवलतीची नाही, बोज्याची आहे. मुलाच्या नावे ठेवलेल्या मुदतठेवीच्या व्याजावरचा कर कुणी भरायचा, एवढाच तो प्रश्न. त्या प्रश्नावर 'मी पोसतो, माझ्यात धरा' म्हणत पुढे आलेला बाप मला अजून भेटायचा आहे.

आणि मूल माझंही आहे, त्याचं काय? आहेच. आपल्या नावांत तर बाप मधोमध बसलेला असतो. शाळेच्या हजेरीत शिक्षिकेला तो उच्चारता येत नाही पण असतो. इथल्या करकायद्यातही आजारपणाच्या खर्चासाठी घटस्फोटितांचं मूल दोघांचंही डिपेन्डंट धरतात, कुणाच्याही रिटर्नवर असो. ज्याने डॉक्टरचं बिल भरलं त्याने दाखवावं. रिटर्न म्हणजे रेशनकार्ड नव्हे, की नाव कमी झालं म्हणजे घरातून गेलं.

एक गैरसमज मात्र दोन्ही बाजूंना सारखाच आहे आणि तो महाग पडतो: जो आधी भरेल त्याचं. बाप जानेवारीत भरून मोकळा होतो. मार्चमध्ये आईचा रिटर्न कॉम्प्युटर नाकारतो, या मुलाचा नंबर आधीच वापरला गेला आहे म्हणून. ती समजते, हरले. हरलेली नसते. कागदावर भरून पोस्टाने पाठवता येतो, आणि अलीकडे आयआरएसचा ओळख पिन घेतला तर ऑनलाइनही स्वीकारतात. मग दोघांना पत्र जातं: तुमच्यातल्या कुणाचं चुकलं असेल तर दुरुस्त करा. कुणीच माघार घेतली नाही तर तपासणी होते. त्यात जो चुकीचा ठरतो तो क्रेडिट परत देतो, व्याज आणि दंडासह. बेपर्वाईने मागितलं असं ठरलं तर दोन वर्षं आणि लबाडी ठरली तर दहा वर्षं ते क्रेडिट त्याला बंद. सोलापूरच्या त्या बाईंचं प्रकरण असंच मिटलं. कालनिर्णयाच्या बारा पानांच्या झेरॉक्स, शाळेचं एक पत्र, आणि 'घ' व 'बा' म्हणजे काय हे सांगणारी माझी चार ओळींची इंग्रजी टीप.

त्या अजूनही येतात, दर फेब्रुवारीत, नवं कालनिर्णय घेऊन. गेल्या वर्षी त्यांनी विचारलं की ३१ डिसेंबरची रात्र कुठल्या वर्षात धरायची, कारण मुलगी त्या रात्री बाबाकडे झोपते आणि उठते ती नव्या वर्षात. रात्र ज्या तारखेला सुरू होते त्या वर्षात धरायची. जुन्याच कॅलेंडरवर लिहा.